गाडीला फिल्म लावणारी मेहनाज

नवी पेठेत मेहनाजला नावाने ओळखणारे फार थोडे होते. पण ‘ती बबल न येऊ देणारी बाई’ म्हटलं की समोरच्या साडीच्या दुकानातला माणूसही हातातला गठ्ठा खाली ठेवून बोट दाखवायचा. दीर अझरुद्दीनच्या मोबाईलच्या दुकानात, दाराशी एका उंच स्टुलावर ती बसलेली असायची. मोबाईलच्या काचेवर गार्ड लावायचं एवढंच तिचं काम. आठ वर्षं तिने दुसरं काही केलं नाही, आणि त्या आठ वर्षांत कुणाचा मोबाईल बबल आला म्हणून परत आला, असं अझरुद्दीनला आठवत नव्हतं.

तिची एक पद्धत होती. आधी डोक्यावरचा पंखा बंद करायची. गिऱ्हाईक कुरकुरायचं, सोलापूरच्या उन्हात पंखा बंद म्हणजे काय, पण तिचं लक्ष नसायचं. मग पाण्याच्या फवाऱ्याने हवेत दोनदा ‘फुस्स’ करायची, म्हणजे उडणारी धूळ खाली बसते. काच पुसायची, तिरकी धरून उजेडात बघायची, आणि गार्ड एका कडेने टेकवून सोडून द्यायची. गोंद आपोआप पळत जाऊन दुसऱ्या कडेला पोहोचायचा. “दाबायचं नाही,” ती सांगायची. “त्याला जिकडं जायचंय तिकडं जाऊ द्यायचं.”

सोमशेखर तिच्याकडे आला तो कडा वळलेला एक महागडा मोबाईल घेऊन. तीन दुकानांनी त्याचे तीन गार्ड वाया घालवले होते. मेहनाजने चौथा लावला. सोमशेखरने मोबाईल उलटासुलटा करून पाहिला आणि गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

“काढा आन नवीन लावा,” तो म्हणाला.

“का? चांगला तर आहे की.”

“असू द्या. लावताना बघायचंय.”

तो बघत उभा राहिला. लावून झाल्यावर म्हणाला, “ताई, माझं होटगी रोडला गाड्या धुवायचं आन पॉलिशचं दुकान हाय. आता गाडीला फिल्म लावायचं काम घेतलंय. रंगावर दगड उडू ने, खरचटू ने म्हणून गाडीच्या आख्ख्या अंगाला काचेसारखी फिल्म लावायची. दिसाय पायजे न्हाय, असायला पायजे. पुण्याला जाऊन पाच दिवस शिकून आलोय, पण माझा हात बसंना. तुमचं हेच काम हाय. फकस्त मोबाईल जरा मोठा हाय.”

घरी मेहनाजने सांगितलं तेव्हा सासू अजीजा तांदूळ निवडत होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“गाडीला पण गार्ड लावतात?”

“लावतात म्हणे.”

“माणसाला लावायचं निघालं तर सांग. माझ्या गुडघ्याला लावून घेते.”

नवरा आवेज बार्शीच्या बाजारातून धान्याचा टेम्पो भरून आणायचा. गाडीचा रंग म्हणजे काय हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक. तो एवढंच म्हणाला, “कर. पण दुसऱ्याच्या नव्या गाडीला हात लावणार आहेस. रस्त्यात मला कुणाच्या नव्या गाडीशेजारी टेम्पो लावायचा म्हटलं तरी घाम फुटतो.”

अझरुद्दीन महिनाभर रुसला आणि मग त्याने त्या स्टुलावर काऊंटरची खोकी ठेवून दिली.

*

पहिले दोन महिने मेहनाजने एकाही खऱ्या गाडीला हात लावला नाही. सोमशेखरने भंगार बाजारातून एक बॉनेट आणि दोन दरवाजे आणून दिले होते. ती रोज सकाळी त्यांच्यावर फिल्म चढवायची आणि संध्याकाळी उतरवायची. मोबाईलची काच सपाट असते. गाडीचं अंग कुठेच सपाट नसतं, हे तिला तेव्हा कळलं. लांबून सरळ दिसणारा दरवाजाही हाताखाली पोटासारखा फुगलेला लागायचा. त्यावर साबणाच्या पाण्याचा भरपूर मारा करायचा, फिल्म त्यावर तरंगत ठेवायची, जागेवर आली की रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढत न्यायचं. कोपऱ्यावर फिल्म ताणावी लागते, पण जास्त ताणली तर पांढुरकी होते. कमी ताणली तर चुणी पडते. चुणी पडलेली फिल्म पाहिली की तिला इस्त्री बिघडल्यासारखं व्हायचं.

सोलापूरचं ऊन हा दुसरा वैरी. एप्रिलमध्ये फवारलेलं पाणी पट्टी टेकवेपर्यंत वाळायचं आणि फिल्म नको तिथे धरून बसायची. बोअरचं पाणी वापरलं तर वाळल्यावर पांढरे डाग. म्हणून प्यायच्या पाण्याचे जार यायचे, आणि शेजारच्या पंक्चरवाल्याला वाटायचं, या दुकानात लोकांना फार तहान लागते. तिसरा वैरी म्हणजे सूत. या गावात हवेतसुद्धा टॉवेलचं सूत असतं. मेहनाजच्या सुती ओढणीचा एक तंतू एकदा दरवाजावरच्या फिल्मखाली गेला आणि सगळा दरवाजा पुन्हा करावा लागला. त्या दिवसापासून ती कामाला नायलॉनचा ड्रेस घालायची, ओढणी दाराबाहेरच्या खुंटीला अडकवायची आणि डोक्याला गुळगुळीत रुमाल बांधायची.

खऱ्या गाड्या सुरू झाल्यावर लोक यायचे आणि विचारायचे, “मिस्त्री कुठाय?”

“मीच.”

काही जण सोमशेखरकडे बघायचे. तो हाताची घडी घालून म्हणायचा, “मी मालक हाय. काम त्यांचं.” एकाने तर गाडी तशीच वळवून नेली. तो चार महिन्यांनी पुण्याहून फिल्म लावून घेऊन आला, आणि डाव्या दरवाजाची कड सुटलेली दाखवत उभा राहिला. मेहनाजने गरम हवेची गन घेतली, कड मऊ केली, आत वळवून बसवली आणि काहीही बोलली नाही. तिला बोलावंसं फार वाटलं होतं. ते तिने घरी जाऊन फिरदोसला, आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला, तीनदा रंगवून सांगितलं.

दोन वर्षं अशी गेली. हात बसला. आणि हात बसला की जे होतं ते झालं.

*

बसलिंगप्पा यांची गाडी गडद निळी होती, शोरूममधून आणून चार दिवस झालेली. ते स्वतः सदुसष्ट वर्षांचे. अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं चेकिंग खात्यात काढली होती. विणून आलेला प्रत्येक टॉवेल दिव्याखाली पसरायचा, सुटलेला धागा, तेलाचा डाग, विरळ पट्टा शोधायचा, आणि खराब माल बाजूला टाकायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गाडी घेतली होती. बायको मायाक्कांचे गुडघे एसटीची पायरी चढेनात, आणि माहेर तर अक्कलकोटच्या पलीकडे.

“गाडी हितंच ऱ्हाणार तीन दिवस?” त्यांनी विचारलं.

“हो काका.”

“मग मीबी हितंच बसतो.”

आणि ते बसले. सोमशेखरने प्लास्टिकची खुर्ची दिली. पहिल्याच तासात ते उठले, पिशवीतून कोरा करकरीत टॉवेल काढला आणि बॉनेट पुसायला निघाले. मेहनाज धावली.

“काका, टॉवेल नको. सूत सुटतं त्याचं.”

बसलिंगप्पा थांबले. त्यांनी टॉवेलकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “छत्तीस वर्सं ह्याच्यावर घर चाललं की बाई. आता म्हणतीस सूत सुटतंय.”

“चांगला टॉवेल आहे म्हणूनच सुटतंय. गाडीला चांगला टॉवेल चालत नाही.”

त्यांना हसू आलं. त्यांनी टॉवेल घडी करून पिशवीत ठेवला आणि मग खुर्चीत बसून तिचं काम बघत राहिले. बघणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम होतं. ती छतावर फिल्म चढवत असताना मध्येच म्हणायचे, “त्या अंगाला, आरशापशी, पाणी ऱ्हायलंय बघ.” आणि खरंच तिथे बोटभर पाणी असायचं. मेहनाजला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिच्यासारखं तिरकं करून बघणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच हाक मारली, “काका, जरा या कोनातून बघता का?” ते तुरुतुरु उठून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायला घरी गेले. चार वाजेपर्यंत येतो म्हणाले. मेहनाज बॉनेटवर होती. फिल्म बसली होती, आरशासारखी बसली होती. आता फक्त हेडलाइटच्या वरची कड कापायची राहिली होती. फिल्म गाडीवरच थोडी जास्त ठेवायची आणि पात्याने कडेकडेने कापत जायचं, अशीच सोमशेखरने पुण्याला शिकलेली रीत. पातं असं धरायचं की फिल्म कापली जावी आणि खालच्या रंगाला कळूही नये. प्रत्येक भाग झाला की पात्याचं बोथट टोक मोडायचं आणि नव्या टोकाने पुढे जायचं, हा नियम. टोक बोथट असलं की हात नकळत जोर लावतो.

तिने टोक मोडलं नाही. एवढीशी तर कड राहिलीय, असं तिला वाटलं. ओढताना हाताला काहीतरी वेगळं लागलं, खडूने पाटीवर लागावं तसं. ती थांबली. कापलेली पट्टी अलगद उचलली, फिल्मची कड थोडी वर केली आणि खाली बोट फिरवलं. नख अडकलं.

चार बोटं लांब रेघ होती. केसासारखी बारीक. गडद निळ्या रंगात फिकट.

मेहनाजने पातं खाली ठेवलं आणि सोमशेखरला हाक मारली.

तो आला, वाकला, बराच वेळ बघत राहिला. त्याने फिल्मची कड परत खाली बसवली आणि पट्टी फिरवली. रेघ जवळजवळ गेली.

“दिसंना की,” तो म्हणाला.

“आहे पण.”

“आता सात-आठ वर्सं ही फिल्म निघत न्हाय. तवर त्या माणसाचं वय काय होईल? आन निघाली तरी कोण म्हणतंय तुमी केलं?”

“मला माहीत आहे ना.”

सोमशेखर वाईट माणूस नव्हता. त्याने डोक्यावरून हात फिरवला. “ताई, तुमाला ठावं हाय, चेकिंगवाला माणूस हाय तो. त्याला सांगितलंत तर आख्ख्या अक्कलकोट रोडला सांगंल. फिल्मचं काम नवीन हाय माझं.”

“ते खरं आहे.”

“मग?”

मेहनाज खाली बसली. तिला दुकानाची काळजी होती, आणि भीतीही वाटत होती. मनात पुन्हा पुन्हा एकच येत होतं, की दोन दिवस हा माणूस इथे बसून प्रत्येक थेंब बघतोय, आणि जी एक गोष्ट त्याने बघायला हवी होती ती तो जेवायला गेल्यावर झाली. तो उद्या खुर्चीत बसून म्हणेल, चांगलं झालं बाई. आणि ती हो म्हणेल.

“भाऊ, मी सांगणार आहे,” ती म्हणाली. “तुम्ही मला कामावरून काढलंत तरी चालेल.”

सोमशेखर म्हणाला, “काढून जाऊ कुटं? तुमच्याशिवाय मला येतंय का हे काम?” आणि बाहेर जाऊन पाण्याच्या जारपाशी उभा राहिला.

*

बसलिंगप्पा चारला दहा मिनिटं असताना आले. येताना त्यांनी डब्यात मायाक्कांच्या हातची शेंगाची चटणी आणि दोन कडक भाकऱ्या आणल्या होत्या, तिच्यासाठी. तो डबा हातात घेऊन मेहनाजने सांगितलं. डबा खाली ठेवायचंही सुचलं नाही.

“काका, माझ्या हातून बॉनेटवर रेघ ओढली गेली. रंगावर. पातं बोथट होतं आणि मी बदललं नाही.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तिने फिल्मची कड वर केली. ते वाकले, तिरके झाले, अंगठ्याचं नख त्या रेघेवरून हळू फिरवलं, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. सरळ होताना त्यांना वेळ लागला.

“कारखान्यात,” ते म्हणाले, “धागा सुटलेला टॉवेल आला की इणणारे तो आतल्या अंगाला घडी घालून द्यायचे. वरनं बगितलं की बरा दिसायचा. छत्तीस वर्सं मी घड्याच उलगडत बसलो. कोणी आपणहून उलगडून दाखवलेला मला याद न्हाय.”

मेहनाजला वाटलं, आता ते निवळतील. पण त्यांचा चेहरा तसाच होता.

“पन गाडी चार दिवसाची हाय,” ते म्हणाले. “मला लई वाईट वाटलालंय. आत्ता मी काय बोलत न्हाय. उद्या येतो. तवर गाडीला हात लावू नका.”

ते रिक्षा करून गेले. खुर्ची तशीच राहिली. मेहनाजने भाकरी आणि चटणीचा डबा घरी नेला, आणि अजीजांनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. आवेजने एक भाकरी मोडली, चटणी लावून तिच्या हातात दिली आणि म्हणाला, “खा आधी. बाईने तुझ्यासाठी केलीय.” तिने खाल्ली. चटणी तिखट होती, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं तरी कुणी काही म्हणालं नाही.

अजीजा तेव्हा जमिनीवर जुना पेपर पसरून फिरदोसच्या कुर्त्याची बाही बेतत होत्या. आधी कागद कापायच्या, तो फिरदोसच्या दंडाला लावून बघायच्या, वाढवायच्या, कमी करायच्या, आणि मग कापडाला कात्री लावायच्या. चाळीस वर्षं त्या असंच करत होत्या आणि मेहनाज वीस वर्षं बघत होती.

“अम्मी,” ती म्हणाली, “तुम्ही अंगावर कापड ठेवून का नाही कापत? लवकर नाही का होणार?”

अजीजांनी वर पाहिलं. “अंगावर कापलं तर अंग कापलं जाईल की.”

मेहनाज भाकरीचा उरलेला तुकडा हातात तसाच धरून बसली.

*

सकाळी ती येताना नवी पेठेतून खाकी कागदाची गुंडाळी घेऊन आली. बसलिंगप्पा दहाच्या सुमाराला आले. एकटे नव्हते. रिक्षातून आधी एक काठी बाहेर आली, मग हिरव्या इरकलीचा पदर, आणि मग मायाक्का. त्या मेहनाजकडे गेल्या नाहीत, रेघेकडेही नाही. सरळ गाडीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, “दार उघडा की. आजून बसली न्हाय मी ह्यात.”

शोरूममधून गाडी आली तेव्हा त्यांचा गुडघा सुजला होता, आणि नंतर गाडी इथे. दार उघडल्यावर त्यांनी आधी पाठ आत टाकली, मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतला आणि मागे टेकल्या.

“उंची बराबर हाय,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “हितनं मी आईच्या घरापत्तुर बसून ऱ्हाईन.”

बसलिंगप्पा मेहनाजकडे वळले. रात्रभर विचार करून आलेल्या माणसासारखे बोलले. “रंग भरायचं काय करतीस?”

“शोरूममधून याच रंगाची छोटी बाटली मिळते. आधी रेघ भरून घेऊ, वाळू देऊ. बॉनेटची फिल्म सगळी काढून नवी लावते. पण काका, एक विचारायचं होतं.” तिने खाकी कागद पुढे केला. “उरलेली गाडी मी पात्याने नाही करणार. आधी कागद कापते, ब्लाउज बेततात तसा. तो गाडीवर लावून बघते. मग फिल्म टेबलावर कापून गाडीवर नुसती चढवते. गाडीपाशी पातं आणायचंच नाही. दुप्पट वेळ लागेल. तुम्ही म्हणालात तरच.”

ते कागदाकडे बघत राहिले. “हे आधीच का न्हाय करत कोण?”

“वेळ लागतो. आणि शिकलो तसं करत गेलो.”

“मोठ्या गावात मशीन कापतंय म्हणे,” मागून सोमशेखर म्हणाला. “आपल्याकडं मशीन न्हाय.”

बसलिंगप्पांनी बाह्या वर सारल्या. “कागदाचं एक टोक मी धरतो.”

ती सकाळ मेहनाजला नंतर कित्येकदा आठवली. ती आणि बसलिंगप्पा खाकी कागद दरवाजावर ताणून धरतायत, ती पेन्सिलने कडा उमटवतेय, आणि मायाक्का आतून काच खाली करून गप्पा मारतायत. त्यांना बाहेर या म्हटलं तरी त्या आल्या नाहीत. त्यांनी फिरदोसचं काय चाललंय विचारलं, अजीजांच्या गुडघ्याला कुठलं तेल लागू पडतं विचारलं, माहेरचं चिंचेचं झाड कुठे होतं ते सांगितलं. मध्येच कन्नडमध्ये नवऱ्याला काहीतरी म्हणाल्या आणि ते लाजले.

“काय म्हणाल्या?” मेहनाजने विचारलं.

“काय न्हाय,” ते म्हणाले.

मायाक्कांनीच सांगितलं. “म्हनलं, लग्नात माझी चोळी बेतताना हा माणूस असाच टोक धरून हुबा असता तर बरी बसली असती.”

बॉनेट आणि बाकीचं काम मिळून अजून तीन दिवस लागले. कागद दोनदा चुकला. डाव्या बाजूच्या मागच्या दरवाजाला एक कड पाव इंच कमी पडली आणि नवी फिल्म कापावी लागली. सोमशेखर खोलीबाहेर येरझाऱ्या घालत होता. शेवटच्या संध्याकाळी गाडी बाहेर उन्हात काढली तेव्हा बसलिंगप्पा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले. हेडलाइटपाशी वाकले. भरलेली रेघ तिरक्या उजेडात, कुठे आहे हे माहीत असलेल्यालाच, सुताएवढी दिसत होती.

“हाय,” ते म्हणाले.

“हो काका. आहे.”

“कारखान्यात असती तर मी हिला बाजूला टाकली असती.” त्यांनी बॉनेटवर तळहात टेकवला. “पन गाडी टॉवेल न्हाय. आन तुज्यासारखं सांगणारं माणूस बी मला तितं भेटलं न्हाय.” मग त्यांनी पिशवीतून तोच पहिल्या दिवशीचा टॉवेल काढून तिला दिला. “गाडीला लावू नको. घरी वापर.”

सोमशेखरची भीती अर्धी खरी ठरली. बसलिंगप्पांनी आख्ख्या अक्कलकोट रोडला सांगितलं. रेघ पडली हेही सांगितलं आणि बाईने स्वतः सांगितलं हेही. त्यांच्याच कारखान्यातला एक सुपरवायझर, मग त्याचा मेहुणा, मग कुंभारीकडच्या एक डॉक्टरीणबाई आपापल्या गाड्या घेऊन आल्या. सगळे आल्याआल्या एकच विचारायचे, कागदावर कापता ना?

कागदांना जागा पुरेना तेव्हा सोमशेखरने भिंतीला लाकडी खण करून दिले. प्रत्येक गाडीचे कागद गुंडाळून, दोऱ्याने बांधून, वर फिरदोसच्या सुंदर अक्षरात नाव. दुसऱ्यांदा त्याच मॉडेलची गाडी आली की वेळ दुप्पट लागत नाही, उलट निम्म्याने वाचतो, हे वर्षभरात सोमशेखरच्याही लक्षात आलं. आता तो मशीन घ्यायचं म्हणतो. मेहनाज म्हणते, घ्या, पण खण राहू द्या.

*

केराबाई दुकानात आली ती झाडलोटीला. कुंभारीची, पन्नाशी ओलांडलेली, तीस वर्षं विड्या वळलेली. विडीचं काम कमी होत चाललं म्हणून ती सकाळची बस धरून होटगी रोडला यायची, फरशी पुसायची, जार भरून ठेवायची. एक दिवस मेहनाज फिल्मच्या पाठीचा कागद सोडवायला नखाने कोपरा कुरतडत होती. तो कधी पटकन सुटत नाही. केराबाईने पुसायचं फडकं खाली ठेवलं, हात धुतले, दोन बोटांत कोपरा धरला आणि चोळला. कागद सुटला. फिल्मला साधी घडीही पडली नाही.

मेहनाजने तिच्या बोटांकडे पाहिलं. “केराबाई, पुन्हा करून दाखव.”

“त्यात काय हाय?” केराबाई म्हणाली. “विडीचं पान असंच उचलायचं असतंय.”

आता केराबाईला येऊन पाच महिने झालेत. भंगारातला तोच जुना दरवाजा तिने चाळीस वेळा केला असेल. सपाट भाग तिला जमतात. काल तिला पहिल्यांदा खऱ्या गाडीचा बाजूचा आरसा दिला. आरसा म्हणजे या कामातला सगळ्यात हट्टी भाग. आंब्यासारखा गोल, कुठून धरावं कळत नाही. पहिली फिल्म कडेला चुणून गेली, काढून टाकली. दुसरी बसली, पण तिने जास्त ताणली आणि खालच्या बाजूला ढगासारखं पांढुरकं आलं. केराबाई पाठ धरून बसली, चहा प्यायली, आणि म्हणाली, “ह्यो मला जमायचा न्हाय.”

“मला आरसा जमायला अकरा गाड्या लागल्या,” मेहनाज म्हणाली. खरं तर सात लागल्या होत्या.

तिसऱ्यांदा केराबाईने फिल्म पाण्यावर तरंगत सोडली, गरम हवा लांबून फिरवली, आणि दोन्ही अंगठ्यांनी मधून खाली, मधून वर असं सावकाश न्यायला लागली. ओठ आत दाबले होते. सोमशेखर दारात थांबला होता, त्याला मेहनाजने हातानेच आत येऊ नका म्हणून खुणावलं. कड वळली, आत गेली, बसली.

“बघ गं,” केराबाई म्हणाली.

मेहनाजने चष्मा लावला. आताशा तिलाही लागतो. ती आरशापाशी वाकली, तिरकी झाली, या अंगाने बघितलं, त्या अंगाने बघितलं. सगळं स्वच्छ होतं. वरच्या बाजूला, अगदी कडेशी, एक बारीक वळलेली रेघ होती.

“केस आहे खाली,” ती म्हणाली.

केराबाई वाकली. डोक्याला बांधलेल्या रुमालावरून तिने हात फिरवला. बघून घेतलं.

“माजाच हाय,” ती म्हणाली. “पांढरा हाय.”

दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या, आणि हसू थांबेना म्हणून थोडा वेळ गाडीपासून लांब जाऊन उभ्या राहिल्या. मग केराबाईने रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला, आणि फिल्मची वरची कड उचलायला हात ओला केला.